कुडोस मिळाला, मिळालं की मिळाले?

ओवी

नमस्कार मंडळी,

आमच्या अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाचं एक त्रैमासिक निघतं, निम्मं इंग्रजी आणि निम्मं मराठी. इंग्रजी भागात 'कुडोस' नावाचं एक पान असतं. कुणाची मुलगी शाळेच्या वाद्यवृंदात निवडली गेली, कुणाच्या मुलानं वाचनालयात उन्हाळाभर मदत केली, कुठल्या काकूंनी गणपतीत सगळ्यांसाठी उकडीचे मोदक केले, असं सगळं त्या पानावर येतं. अंक हातात पडला की मुलं आधी ते पान उघडतात आणि आपलं नाव शोधतात.

आता हे पान मराठीतही द्यायचं ठरलंय आणि ते काम माझ्याकडे आलंय. पहिल्याच वाक्यापाशी गाडी अडली. एक जण म्हणतो 'ईशानला कुडोस मिळाला' लिहा. दुसरी म्हणते 'कुडोस मिळाले', कारण शेवटी स आहे म्हणजे अनेकवचन. माझ्या कानाला 'मिळालं' बरं वाटतं. लिहायचं कसं, यावरही एकमत नाही: कुडोस, कुडोज, कुडोझ की क्यूडॉस? तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. हा शब्द मराठी पानावर हवाच का? इथली मुलं जे मराठी वाचतात ते बहुतेक याच अंकातलं, त्यामुळे जे छापू ते त्यांच्या डोक्यात कायमचं बसणार. म्हणून नीट विचारून ठरवायचं आहे.

---

जुना_ग्रंथपाल

ओवीताई, शब्दाचा मूळ पत्ता सांगतो, मग पुढचं ठरवणं सोपं जाईल.

हा शब्द ग्रीक. मूळ उच्चार 'कूदोस'च्या जवळ जाणारा. अर्थ कीर्ती, मान, विशेषतः रणात गाजवलेल्या पराक्रमानं चारचौघांत मिळालेला मान. इंग्रजीत तो आला १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात, तोही विद्यापीठातल्या पोरांच्या बोलीतून. तेव्हा तिथे ग्रीक शिकणं सक्तीचंच असल्यासारखं होतं, त्यामुळे मुलं आपसात बोलताना ग्रीक शब्द पेरायची. त्यातला हा एक टिकला.

मुळात तो एकवचनी आहे. शेवटचा स हा शब्दाचाच भाग आहे, अनेकवचनाचा प्रत्यय नाही. ग्रीकमधूनच आलेल्या पेथॉस, इथॉस, केऑस यांच्या शेवटी जो स आहे, तोच हा. एक पेथो, दोन पेथॉस असं कुणी म्हणत नाही. १८५९ साली 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' छापखान्यात होतं, तेव्हा चार्ल्स डार्विननं एका पत्रात लिहिलंय की लायेलनं निम्मं पुस्तक वाचलंय आणि तो मला 'व्हेरी ग्रेट कुडोस' देतोय. 'मेनी कुडोस' नाही. लायेल म्हणजे त्या काळचा भूशास्त्रातला सर्वात मोठा माणूस, तेव्हा डार्विनला केवढं बरं वाटलं असेल बघा.

मग अनेकवचन कुठून आलं? इंग्रजी वाक्यं अशी असतात की ग्रीक न येणाऱ्याला हा शब्द एकवचनी की अनेकवचनी, हे कळायला मार्गच नसतो. १९२० च्या दशकापासून लोक तो अनेकवचनी धरून लिहू लागले आणि पुढे विसाव्या शतकाच्या मध्याला 'एक कुडो' असंही दिसू लागलं. जाणकार त्यावर अजून नाराज असतात. पण इंग्रजीला ही खोड जुनीच आहे. वाटाण्याला पूर्वी 'पीज' हा एकवचनी शब्द होता. लोकांना तो अनेकवचनी वाटला, स गळाला आणि 'पी' उरला. 'चेरी'चंही तेच, फ्रेंचमधून आलेल्या 'शेरीझ'चा शेवट गळून ती चेरी झाली. आज त्या शब्दांना कुणी नावं ठेवत नाही.

उच्चाराचं म्हणाल तर ब्रिटिश 'क्यूडॉस' म्हणतात, अमेरिकेत 'कूडोस' किंवा 'कूडोझ'. हा झ ऐकू आला की अनेकवचनाचा समज आणखी पक्का होतो. म्हणून मराठीत लिहायचं तर 'कुडोस' लिहा, असं माझं मत. ज किंवा झ लिहिलात तर तो समज आपणही पुढे नेतो.

---

घाटवाट

काकांची माहिती मोलाची, पण व्यवहारातली बाजूही मांडतो.

आम्ही सायकलवाले. रविवारी पहाटे सिंहगड चढायचा, वर मडक्यातलं दही खायचं आणि खाली येऊन आधी राइड स्ट्राव्हा या अ‍ॅपवर टाकायची. तिथे लाइकऐवजी 'कुडोस' असतं, अंगठ्याचं चित्र. ग्रुपवर दिवसभर हेच चालतं: 'किती कुडोस आले?', 'तू मला कुडोस दिले नाहीस अजून.' कोथरूडपासून हडपसरपर्यंत मला माहीत असलेला प्रत्येक सायकलवाला 'आले' आणि 'दिले' म्हणतो. मोजता येणारी गोष्ट झाली ना ती! ग्रीकमध्ये काय होतं याला मान आहेच, पण पुण्यात आज हा शब्द अनेकवचनी आहे आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. माझ्यासोबत चढणारे सत्तरीचे एक काका आहेत. त्यांना पोरांनी दिलेले कुडोस बघताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

---

शब्दकळा

ओवी, तुझ्या कानाला 'मिळालं' बरं वाटतं ना? त्यामागे जुनं कारण आहे, तुला माहीत असो वा नसो.

ग्रीकमधला कूदोस नपुंसकलिंगी आहे आणि त्याचा 'ओस' हा शेवट संस्कृतातल्या 'अस्' या शेवटाचा सख्खा भाऊ आहे. मनस्, नभस्, तेजस्, यशस् हे आपले शब्द त्याच साच्यातले. काही जोड्या तर जशाच्या तशा लागतात. ग्रीक मेनोस आणि संस्कृत मनस्. ग्रीक नेफोस म्हणजे ढग, आणि संस्कृत नभस्. ग्रीक गेनोस आणि वैदिक जनस्. खुद्द कूदोसला संस्कृतात अशी जोडी सापडत नाही, पण घडण तीच. तेव्हा कुडोसची व्याकरणातली जागा नेमकी आपल्या यशाशेजारी येते. यश मिळालं, तेज आलं, मन भरलं. तसंच कुडोस मिळालं.

आता 'कुडो' म्हणणाऱ्यांविषयी. आपणही तो स सोडलेलाच आहे! संस्कृतात यशस् होता, मराठीत यश राहिलं. मनस्‌चं मन झालं, तेजस्‌चं तेज. जुना स आता फक्त यशस्वी, मनस्वी, तेजस्वी यांच्यात दिसतो. आपल्याकडे तो अनेकवचन समजून गळला नाही, उच्चारात झिजत गेला, कारण वेगळं. पण शेवट गळाला म्हणून शब्द बाटला, असं मला म्हणवत नाही.

---

गवतफुला

शब्दकळा, यशस्वीमधला स! हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. धागा वाचनखुणेत ठेवला.

---

दोन_ओळी

लिंगाबद्दल थोडं अजून. परक्या शब्दाला मराठी माणूस लिंग कसं देतो? बहुतेक वेळा मनात त्याचा मराठी जोडीदार असतो. गाडी म्हणून ट्रेन आली. पदक म्हणून मेडल मिळालं. ढाल म्हणा की आणखी काही, ट्रॉफी मात्र मिळाली. ईमेलच्या बाबतीत अजून घरोघरी दोन पक्ष आहेत, कुणाचा मेल येतो, कुणाची मेल येते. कुडोस म्हणताना मनात शाबासकी असेल तर 'मिळाली' तोंडात येईल, कौतुक असेल तर 'झालं', यश असेल तर 'मिळालं'.

आणि घाटवाट म्हणतात ते 'मिळाले'सुद्धा मराठीला परकं नाही. 'आभार' बघा. आभार मानले म्हणतो, आभार मानला कुणी म्हणत नाही. शुभेच्छा दिल्या, कष्ट घेतले, अक्षता टाकल्या, सगळं अनेकवचनात. कुडोस दिले हे बहुधा आभार मानलेच्या चालीवर आलंय. गंमत म्हणजे इंग्रजीत 'काँग्रॅच्युलेशन्स' अनेकवचनी आणि आपलं अभिनंदन एकवचनी.

म्हणून ओवी, तिन्ही रूपांना मराठीत आधार आहे. एका अंकात एकच ठेव म्हणजे झालं.

---

संत्रानगरी

व्याकरण वाचलं, आवडलं. मला दुसरंच बोलायचंय.

मी आयटीत आहे. आमच्याकडे या शब्दाचा पूर येतो. दर शुक्रवारी एक मेल, 'कुडोस टीम'. एकदा एका रात्री ग्राहकाचा सर्व्हर पडला. आमच्यातल्या एका ज्युनिअर मुलीनं पहाटेपर्यंत बसून लॉग चाळले. एका तारखेच्या हिशोबात गडबड होती, ती तिला सापडली आणि सकाळी काम सुरू झालं. शुक्रवारी मेल आला: ग्रेट जॉब, कुडोस टू द एंटायर टीम. खाली वरिष्ठांचे चार-पाच अंगठे. तिचं नाव कुठेही नव्हतं. ती काही बोलली नाही, पण मला ते फार लागलं. त्या टीममध्ये मीही होते आणि मी त्या रात्री झोपलेली होते. माझ्या वाट्याला ते कुडोस का यावं?

मी त्याच मेलला सगळ्यांना दिसेल असं उत्तर लिहिलं: रात्री किती वाजता काय बिघडलं, तिनं कुठे शोधलं, काय सापडलं. तीन-चार ओळी. सोमवारी दुसऱ्या मजल्यावरचा एक जण तिच्या टेबलापाशी आला आणि 'तो तारखेचा घोळ तूच काढलास ना, मला दाखवशील?' म्हणाला. ती खुर्ची सरकवून त्याला स्क्रीन दाखवायला लागली. मी समोर बसून बघत होते.

ओवीताई, तुमच्या पानावर मिळालं लिहा की मिळाले लिहा. पण कुणी काय केलं, ते मात्र नक्की लिहा.

---

जुना_ग्रंथपाल

संत्रानगरी, तुमचा अनुभव वाचून ग्रीक महाकवी होमरच आठवला. कूदोसचा मूळ मुद्दा हाच आहे की तो कुणाचा, याला अतोनात महत्त्व.

त्याच्या इलियड या महाकाव्याच्या २२ व्या सर्गात ग्रीक वीर अकिलीस ट्रॉयच्या तटाभोवती शत्रूपक्षातल्या हेक्टरचा पाठलाग करतोय. ग्रीक सैन्य उभं राहून बघतंय. कुणीही बाण मारला असता तर हेक्टर पडला असता. पण अकिलीस धावता धावता मानेनंच आपल्या लोकांना नको म्हणून खुणावतो. का? तर भलत्याच कुणाचा नेम लागला, कूदोस त्याला मिळाला आणि आपण दुसरे ठरलो, असं व्हायला नको. एवढ्या धावपळीत त्याच्या डोक्यात ही एक गोष्ट आहे. पुढे काही ओळींनी अथेना देवी येऊन त्याला सांगते की आता आपण दोघं जहाजांकडे 'मेगा कूदोस' घेऊन जाणार. हो, शब्द तोच, मेगा! मोठा, महान. एकवचनी आणि नपुंसकलिंगी. आजचं एखादं पोर 'मेगा कुडोस' लिहीत असेल तर ते नकळत होमरचे शब्द लिहितंय.

पण याच काव्यात दुसरी बाजूही आहे. पहिल्या सर्गात अकिलीस राजा आगामेम्नॉनला तोंडावर 'कूदिस्ते' म्हणतो, म्हणजे सर्वाधिक मानाचा. आपल्या श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ यांतला जो इष्ठ, तोच हा इस्त. आणि त्याच दमात म्हणतो, 'सगळ्यांत लोभी'. भांडण कशावरून, तर दुसऱ्यानं लढून मिळवलेल्या वाट्यावर राजानं हक्क सांगितला म्हणून. तुमच्या ऑफिसातली ती मुलगी आणि अकिलीस, दोघांचं दुखणं एकच.

---

ओवी

काका, अंगावर काटा आला. पण आता वेगळीच शंका आली. एवढा रणांगणातला शब्द नऊ वर्षांच्या पोरीच्या व्हायोलिनला जड होत नाही ना? आणि यात 'कीर्ती'साठी ग्रीकात दुसरा शब्द आहे का?

---

शब्दकळा

आहे, क्लेओस. आणि त्याची जोडी मात्र आपल्याकडे शंभर टक्के आहे: श्रवस्. श्रवणातला श्रु तोच. क्लेओस म्हणजे लोकांच्या कानावर गेलेली, माणूस मेल्यावरही ऐकू येत राहणारी कीर्ती. होमरमध्ये 'क्लेओस आफ्थितोन' आहे, न क्षय पावणारी कीर्ती. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात, नवव्या सूक्तात इंद्राजवळ 'श्रवः' मागितलंय, पृथु, बृहत् आणि 'अक्षितम्'. आफ्थितोन आणि अक्षितम् हे दोन्ही एकाच धातूपासूनचे. आडाल्बर्ट कून या जर्मन विद्वानानं ही जोडी १८५३ मध्ये दाखवून दिली. ग्रीस आणि पंजाबात कवी वेगवेगळे झाले, पण दोन्हीकडे कीर्तीसाठी हे दोन शब्द शेजारी शेजारी आले. मला ते वाचलं तेव्हा दिवसभर दुसरं काही सुचलं नव्हतं.

कूदोस त्या मानानं आत्ताचा, इथला. जिंकलेल्याच्या अंगावर त्या क्षणी दिसणारं तेज, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. म्हणून व्हायोलिनवाल्या मुलीला तो शोभतो. ती वाजवून उठते आणि सभागृहात टाळ्या पडतात, तो क्षण कूदोसचा. क्लेओसला अजून वेळ आहे.

---

लाल_माती

डोळ्यांदेखत म्हटलं म्हणून लिहितोय, एरवी मी वाचनमात्र असतोय.

आमच्या कोल्हापुरात खासबागेत कुस्ती बघितलीय का कुणी? शाहू महाराजांनी बांधलेलं मैदान. आखाडा मधी खोलात आणि माणसं चारी बाजूंनी वर चढत बसलेली, त्यामुळं मागच्यातल्या मागच्याला बी पैलवानाची पाठ दिसतीय. मोठी जोड सुटली की हलगी चढते. निकाल लागला, समोरचा चितपट झाला, की जिंकलेला गडी आधी वस्तादाच्या पायाला हात लावतोय. मग सगळ्या मैदानाला फेरी मारतोय, हात जोडून, अंगाला माती, कपाळावर घाम. कडेची माणसं हातात नोट कोंबतात. कुणी शंभराची, कुणी दहाची. म्हातारी माणसं नोट देताना त्याचा दंड दाबून बघतात. निवेदक माईकवर नाव घेतोय, नुसतं नाव नाही, गाव, तालीम आणि वस्ताद: गंगावेशचा, मोतीबागेचा, शाहूपुरीचा. आणि कुठला डाव मारला ते पण सांगतोय, घिस्सा मारला का ढाक लावली.

तालमीचं नाव घेतलं की त्या तालमीची पोरं उठून उभी राहत्यात. म्हणजे मान त्याचाच, पण वाटा सगळ्यांना. त्या आयटीवाल्या ताईंनी सांगितलं ते उलटं झालं, आधी सगळ्यांना वाटलं आणि जिनं केलं ती उपाशी राहिली. आधी गड्याचं नाव, मग तालमीचं, असं पाहिजे.

आमच्याकडं याला कुडोस म्हणत नाहीत. 'नाद खुळा' म्हणतात. दोन शब्दांत विषय संपला.

---

संत्रानगरी

आधी गड्याचं नाव, मग तालमीचं. दादा, हे मी आमच्या मॅनेजरला अस्संच सांगणार आहे.

---

षड्ज

ओवींच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. मराठीत शब्द आहे का? मला वाटतं शब्द एवढे आहेत की निवडायचा कुठला हीच अडचण.

'शाबास' घ्या. फारसीतल्या 'शाद बाश' पासून आलाय, म्हणजे आनंदात राहा. दिलशाद, नाशाद यांतला शाद तोच. स्तुती करताना आपण खरं तर आशीर्वाद देतो. पाठीवर थाप मारल्याशिवाय हा शब्द पुरा होत नाही, आणि मोठ्यानं लहानाला म्हणायचा असतो. गायकाला कुणी शाबास म्हणत नाही, त्याच्या गुरूनं म्हटलं तर गोष्ट वेगळी.

'दाद' तर विलक्षण आहे. फारसीत दाद म्हणजे न्याय. म्हणून आपण कोर्टात दाद मागतो, दादफिर्याद म्हणतो. आणि बैठकीत गाण्याला दाद देतो, तीही हीच. म्हणजे कलाकार जे मांडतो त्याचा श्रोत्यानं न्याय करायचा. म्हणूनच उगीच दिलेली दाद कलाकाराला लगेच कळते. मी तबल्याला साथीला बसतो. ख्याल विलंबितात चाललेला असतो, गायक एखादी जागा आडून आडून घेत समेवर येतो आणि पहिल्या रांगेतले एखादे आजोबा नुसता हात उचलतात, तोंडातून 'अहा' इतकंच. गायक त्यांच्याकडे बघून तीच जागा पुन्हा, जरा वेगळ्या वाटेनं घेतो. शेवटी होणारा टाळ्यांचा कडकडाट आणि तो एक हात, यांत गायकाला काय हवं असतं ते मी शेजारी बसून पाहिलंय. तो हात सगळ्यांसमोर उचललेला असतो आणि नेमक्या जागेसाठी असतो.

'कौतुक'चा तर अर्थच प्रवास करून आलाय. संस्कृतात मुळात कुतूहल, नवल. माउलींच्या 'माझा मराठाचि बोलु कौतुकें'मध्ये त्या नवलाचा, आनंदाचा रंग अजून आहे. नंतर आईच्या डोळ्यांतलं ते कौतुक झालं. मुलांच्या पानाला मी हेच नाव देईन.

---

परिपाठ

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. धाग्यावरचं सगळं वाचतेय आणि एक काळजी मांडावीशी वाटते.

जाहीर कौतुकानं ज्यांचं नाव आलं नाही ती मुलं कोमेजतात. आमच्याकडे पूर्वी फक्त पहिला-दुसरा-तिसरा यांचीच नावं परिपाठात घेतली जायची. ती वर्षानुवर्षं तीच तीन मुलं. उरलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या. सत्कार समारंभातही तेच बघते. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आधी पाहुण्यांचा सत्कार, मग पाहुण्यांच्या हस्ते इतरांचा सत्कार. ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे त्यांच्यापर्यंत येईतो माईक संपलेला आणि मुलं उन्हात उभी. त्यांनी काय केलं हे कुणी एका वाक्यात सांगत नाही. मला याचा राग येतो.

आता मी परिपाठात रोज एकाचं नाव घेते आणि काय पाहिलं ते सांगते. मागच्या आठवड्यात एका मुलाचं घेतलं. अभ्यासात तो मागे आहे. पाण्याच्या टाकीचा नळ गळत होता. त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून, घट्ट ओढून तीन वेढे दिले आणि गळती थांबवली. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, कसं केलंस सांग. एरवी तोंड न उघडणारा तो पोरगा पट्टी कुठून कापायची, ओली असताना का बसत नाही, सगळं सांगत होता. दुपारी चौथीची मुलं तो नळ बघायला गेली.

ओवीताई, तुमच्या पानावर स्पर्धेतली बक्षिसं येणारच. पण ज्यांना बक्षीस नसतं अशा कामांनाही जागा ठेवा. मोदकवाल्या काकू तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिल्यात, ते मला फार आवडलं.

---

घाटवाट

परिपाठताई, तुमच्या त्या मुलाला आमच्या सायकल ग्रुपकडून कुडोस. एकवचनी, मेगा!

---

ओवी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल समितीसमोर हा धागा जसाच्या तसा वाचून दाखवला. असं ठरलंय:

मराठी पानाचं नाव 'कौतुक'. इंग्रजी पानाचं 'कुडोस' तसंच राहील. मराठी मजकुरात कुणाला हा शब्द वापरायचा असेल तर लिहायचा 'कुडोस', आणि मिळालं, दिलं. बोलताना ज्याला जे आवडेल ते. शब्दकळाचं यशस्, तेजस् मी मुलांसाठी एका चौकटीत देणार आहे.

नोंद लिहायची पद्धत लाल_माती दादांची: आधी नाव, मग काय केलं, मग घर किंवा गट. 'विशेष प्राविण्य दाखवले', 'उल्लेखनीय कामगिरी केली' ही वाक्यं बंद. पहिल्या दोन नोंदी तयार केल्यात, बघा बरं.

'ईशाननं मराठी शाळेतल्या लहान मुलांसाठी बाराखडीची पत्त्यांची जोडी स्वतः कापून, रंगवून केली. ज्ञ काढताना त्याची तीन कार्डं वाया गेली, चौथं जमलं. तो रविवारच्या वर्गाचा विद्यार्थी आहे.'

'सभागृह रिकामं झाल्यावर खुर्च्या घडी करून भिंतीला लावायचं काम गेली काही वर्षं कोण करतं, हे फार थोड्यांना माहीत होतं. ते आमच्या मंडळातले एक आजोबा. नाव छापायला त्यांची परवानगी मागितली आहे.'

एक नवा प्रश्न मात्र उभा राहिलाय. एका सदस्याचं म्हणणं आहे की इंग्रजी पानाचं नावही बदलून जरा भारदस्त करू या. त्यांनी 'युलजीज' सुचवलंय. कसं वाटतं?

---

जुना_ग्रंथपाल

ओवीताई, नोंदी उत्तम. ते ज्ञचं वाक्य काढू नका.

युलजी मात्र कृपा करून नको. ग्रीकात त्याचा अर्थ 'चांगलं बोलणं' इतकाच, त्यामुळे सुचवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण आज अमेरिकेत युलजी म्हटलं की अंत्यविधीच्या वेळी गेलेल्या माणसाबद्दल केलेलं भाषण डोळ्यापुढे येतं. त्या मथळ्याखाली मुलांची नावं छापली तर आईवडिलांना धक्का बसेल.

बदलायचंच असेल तर दोन पर्याय आहेत. 'अकोलेड्स': यात लॅटिन कोलम म्हणजे मान, गळा. सरदारकी देताना गळ्यात हात टाकून आलिंगन द्यायचे, पुढे खांद्याला तलवार टेकवायची पद्धत आली, तीही अकोलेडच. पण हा शब्द पुरस्कार-पदकांकडे झुकतो, आणि परिपाठ बाईंनी सांगितलेल्या नळाला तो बसत नाही. दुसरा 'प्लॉडिट्स'. रोमन नाटक संपताना नट प्रेक्षकांना म्हणायचे 'प्लाउदिते', टाळ्या वाजवा! त्यावरून आला. छान आहे, पण मुलांना उच्चारायला अवघड.

माझं मत विचाराल तर कुडोसच ठेवा. तुमच्या मुलांच्या तोंडी तो आधीच आहे. फक्त अंक छापखान्यात जाण्याआधी इंग्रजी पान एकदा नजरेखालून घाला आणि कुणी 'अ कुडो' लिहिलं असेल तर तिथे स परत लावा.

---

लाल_माती

आणि त्या खुर्च्या लावणाऱ्या आजोबांनी परवानगी दिली का, ते कळवा ताई.